चढणीवरचा सूर

कारापूरच्या भंगारवाल्याकडे सत्यवती गेली, ती अनंतच्या ट्रकातली पितळी घंटा आणायला. तिचा हा थोरला भाऊ त्या ट्रकासकट खाणीच्या खड्ड्यात गेला होता. आता ट्रक कापायला घेणार, काय हवं ते घेऊन जा, असा निरोप आला होता. घरातून जायला दुसरं कोणी नव्हतं. घरात आता आई आणि ती, दोघीच.

पाहते तर ट्रकाखालून दोन पाय बाहेर आलेले. पायात रबरी चपला, एकीचा पट्टा तारेनं बांधलेला.

“कोण ते?”

खाली पाना खणकन पडला. एक तरुण सरपटत बाहेर आला, नाकावर ग्रीसचा डाग घेऊन. नाव गुरुदास, गाव दोडामार्ग. तोही खाणीवरच ट्रक चालवायचा. त्याचा मागचा एक्सल मोडला होता, आणि त्या मापाचा धड एक्सल अख्ख्या आवारात ह्याच गाडीला होता. गाडी कोणाची ते कळताच त्यानं पान्याला पुन्हा हात लावला नाही. अपघाताच्या गाडीचं काही न्यायचं तर घरच्या माणसानं आपल्या हातानं द्यावं, ही त्या रस्त्यावरच्या ड्रायव्हरांची रीत. न विचारता नेलं तर गेलेला माणूस मागे लागतो म्हणत.

“ब्रेक गेल्ले,” ती म्हणाली. “एक्सलाचो कायच दोष ना.”

“तरीय... तुमी हात लायल्याशिवाय मी नेवचंय नाय.”

ती वाकली. गार लोखंडावर तळवा टेकला. तळवा काळा झाला. त्यानं रॉकेलची चिंधी पुढे केली आणि ती हात पुसेपर्यंत दुसरीकडे पाहत राहिला... अगदीच दुसरीकडे नाही.

“आता माझ्या फाटसून कोण येवचो नाय मां?”

“तुमच्या फाटल्यान येवपाक कोणाक वेळ आसा?” ती म्हणून गेली, आणि हसली. अनंत गेल्यापासून पहिल्यांदाच — आणि तेही त्याच्याच ट्रकापाशी. लाजेनं तिनं घंटा उचलली नि वाट धरली.

अनंतच्या ट्रकाचा एक सूर होता. एक्सलातले दाते झिजलेले. भरला ट्रक घरापुढची चढण चढू लागला की ते घुमत, बांबूत भुंगा शिरावा तसे. त्या सुरावर गंगा, त्याची आई, भाताचं आधण ठेवायची. तो गेल्यावर ती रडली नाही. गप्प झाली. चुलीपाशीही जाईना.

आणि एका तिन्हीसांजेला तोच सूर चढणीवर आला. सत्यवतीच्या हातातलं सूप गळून पडलं. गंगा मात्र उठली. तिनं ताट मांडलं.

“अनंत आयलो,” ती म्हणाली.

गुरुदासचा ट्रक न थांबता पुढे गेला. ताटातला भात गार झाला. मग हे रोजचंच झालं. सांजेला सूर, सूर आला की ताट, आणि सकाळी तो भात कावळ्यांना. गंगाला वेड लागलं, असं वाडीतले लोक कुजबुजू लागले.

राजभाषा कोणती, ह्या आंदोलनाचं ते वर्ष; जागोजागी रस्ते अडवलेले. एक दिवस वळणावर टायर जळत होते, ट्रक खोळंबले होते. सत्यवती सरळ गुरुदासच्या ट्रकापाशी गेली आणि आईचं, सुराचं, ताटाचं सगळं सांगून मोकळी झाली. तो खाली उतरला. मागच्या चाकापाशी जाऊन वाकला.

“माका ठावक नव्हता,” तो म्हणाला. “दाते बदलूक येतत. आयतवारी बदलतंय. सूर जायत.”

“जाऊं दी.”

तो धुराकडे बघत होता. “पण मगे... मी येतंय, ता तुमका कळतला कसा?”

सूर चढणीला लागायच्या आधीच ती रोज दाराशी येऊन उभी राहत होती, हे त्याला कशाला सांगायचं?

रविवारी तो चालत आला, थेट अंगणात. घरानं दिलेली वस्तू बदलायची तर घराला सांगायला हवं, असं त्याचं म्हणणं. गंगा तांदूळ निवडत होती. सत्यवतीनं खांब धरला.

“आये, त्या ट्रकात अनंत नाय. मी आसंय. एक्सल तेवढो त्याचो.”

गंगाची बोटं तांदळात थांबली.

“माका खबर आसा,” ती म्हणाली. “अनंत वळणाचेर हॉर्न मारतालो. तू मारिना.”

“मगे ताट?”

“सूर आयकलो की हात आपशींच ताट घेता. काय करूं?”

आणि ती रडू लागली. इतक्या दिवसांचं. दोघांपैकी कोणीच तिला थांबवलं नाही. शेवटी पदरानं डोळे पुसून ती उठली.

“कोणाचो तरी पूत त्या गाडयेंत आसा न्हय? भुकेलो जाता. आज जेवून वच.”

सत्यवतीनं त्याच्या हातावर पाणी घातलं. ग्रीस निघेना. तिनं रॉकेलची चिंधी आणून दिली. ह्या वेळी त्यानं दुसरीकडे पाहिलं नाही.

“दाते बदलूं?” त्यानं हळूच विचारलं.

“नाका,” ती म्हणाली. “हॉर्न मारचो न्हय... तो अनंताचो. पूण सूर —” ती चिंधीची घडी घालत राहिली. “सूर माका जाय. तो उरूं दी.”

आत गंगा भात वाढत होती. ताटातून वाफ येत होती.