कवडी शेजारी गेली नाही

मुलांनो, डोळ्यांपुढे एक अंडं आणा. गुळगुळीत नाही, खूप वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखं सुरकुतलेलं. तळकोंडच्या रेणूला एका सकाळी खुराड्यात असंच अंडं सापडलं.

काळ आजच्यापेक्षा थोडा पुढचा. रेणूचे आबा पूर्वी विषाणूंचा अभ्यास करायचे. त्यांच्याकडे काडेपेटीएवढं एक यंत्र होतं. कोंबडीच्या घशातला ओलावा त्याला लावला, की विषाणूचा जनुकीय मजकूर (त्याच्या बांधणीच्या सूचना) भिंतीवर उमटे. आबांनी तपासून पाहिलं, तर कोंबड्यांना श्वासनलिकेचा संसर्ग झाला होता; सुरकुतलेलं अंडं ही त्याचीच खूण. माणसाला तो होत नाही, पण कोंबड्यांमध्ये भराभर पसरतो.

रेणू हिरमुसली. "आबा, लस तर दिली होती ना?"

आबांनी गेल्या वर्षीचा मजकूर आजच्या शेजारी लावला. काही अक्षरं वेगळी होती. "लबाड विषाणू वेश पालटून आला!" रेणू म्हणाली.

"अगं, त्याला डोकं कुठलं?" आबा म्हणाले. "तो नुसत्या स्वतःच्या नकला काढतो आणि त्यात चुकतो."

त्या चुकीला उत्परिवर्तन (मजकुरातला बदल) म्हणतात. बहुतेक चुकांनी विषाणूचंच नुकसान होतं. पण एखाद्या चुकीने त्याच्या अंगावरचे काटे बदलतात. लशीने तयार झालेली प्रतिपिंडं (रक्तातले पहारेकरी) जुने काटे ओळखून पकडतात, नव्या काट्यांचा विषाणू निसटतो. मग त्याच्याच नकला वाढत जातात. ही झाली विषाणूची उत्क्रांती.

"म्हणजे जितक्या कोंबड्या, तितक्या नकला," रेणू सावकाश म्हणाली. "आणि तितक्या चुका."

आबांनी मान डोलावली. हा मजकूर ते लस बनवणाऱ्यांना पाठवणार होते, म्हणजे पुढच्या लशीत नव्या काट्यांची ओळख घालता येईल.

एवढ्यात कुंपणापलीकडून चिमाकाकूंनी हाक मारली. गावात खुडूक (अंडी उबवायला बसलेली) कोंबडी शेजाऱ्याला उसनी देत. रेणूची खुडूक कोंबडी कवडी आज काकूंकडे जायची होती. काकूंच्या टोपलीत अंडी वाट पाहत होती, ऊब मिळाली नाही तर वाया जाणार.

कवडी तर ठणठणीत दिसत होती. रेणूने तिला उचललं आणि तिथेच थबकली. खुडूक कोंबडी अंडी घालत नाही. मग तिच्यातला आजार अंड्यावरून कळणार कसा? आणि यंत्राला आज तिच्या घशात काही सापडलं नाही, तरी त्याच खुराड्यातली ती उद्या आजारी पडू शकत होती.

तिने कवडीला परत ठेवलं आणि कुंपणाशी जाऊन काकूंना सगळं खरं सांगितलं.

"मग आता मी बसू का अंड्यांवर?" काकू फणकारल्या.

रेणूला हसू आलं, पण ती गंभीर झाली. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिने स्वतः जोडलेली उबवणीची पेटी घरात झाकून ठेवलेली होती. ती दिली, तर प्रदर्शनात मांडायला काहीच उरणार नव्हतं.

विषाणू आपल्यासोबत जाऊ नये म्हणून तिने हात साबणाने धुतले, कपडे आणि चपला बदलल्या, पेटी कुंपणावरून काकूंच्या हातात दिली आणि तापमान कुठे लावायचं ते दाखवलं. मग आजाराची खबर द्यायला ती पुढच्या घराकडे निघाली. कुणाच्याही अंगणात पाय न ठेवता, रस्त्यावरूनच हाका मारत.