पाचव्या वळणाचा माथा

उद्या तुम्ही पोरं या ट्रॅकवर पहिल्यांदा गाडी घालणार, म्हणून सांगतो. गोष्ट आमच्या झेंडेवाल्याची. वीस वर्षं सोबत काम केलं आम्ही. थापा मारणाऱ्यांतला तो नव्हता.

शनिवार, नऊ नोव्हेंबर. रात्री अकराला दहा मिनिटं कमी. सकाळी शर्यत, आणि हा पठ्ठ्या वॉकीटॉकी पाचव्या वळणावरच्या चौकीत विसरून आलेला. स्कूटर काढली, निघाला. आत शिरून गेटला कुलूप घातलं.

पाचवं वळण तुम्ही आज पायी पाहिलंत. चौथ्यातून सुटलं की चढ लागतो, आणि माथ्यापर्यंत पुढचं काही म्हणजे काही दिसत नाही. मग एकदम डावं वळण, आत आत आवळत जाणारं, शिवाय रस्ता बाहेरच्या अंगाला कललेला. ब्रेक माथ्याआधी मारायचा. न बघता, नुसत्या भरवशावर. त्याच्या आदल्या वर्षी याच्या सख्ख्या भाच्यानं तो माथ्यानंतर मारला. तिसऱ्या फेरीला. मामा खाली उभा होता, हातात धोक्याचा पिवळा झेंडा घेऊन. काय उपयोग? वळणाबाहेरच्या टायरांच्या भिंतीवर आदळून पोरगं जागीच गेलं.

तर, वॉकीटॉकी सापडला. चौकीचं दार ओढून घेतो तोच लांबून इंजिनाचा आवाज.

"कोण आहे रे? ट्रॅक बंद आहे!"

दिवा कुठेच नाही. आवाज मात्र एकेक वळण घेत जवळ आला. गिअर उतरले, माथ्याआधी ब्रेक, आणि त्याच्या समोरून निघून गेला. रस्ता रिकामा. तोंडावर गरम वारा.

चढावर दोनदा थ्रॉटल पिळायची खोड एकाच पोराला होती. त्यावरून किती बोलणी खाल्ली होती त्यानं मामाची.

दुसरी फेरी. ब्रेक जरा उशिरा.

आता पुढची तिसरी...

तो चढावर पळत सुटला. माथ्याच्या अलीकडे रस्त्याच्या मधोमध उभा राहिला, टॉर्च हलवत.

"ब्रेक मार! बाळा, आत्ता... आत्ता मार!"

आवाज वाढला. दोनदा थ्रॉटल.

"बाळा..."

आरपार गेला. त्याच्या अंगातून.

मग काही नाही. धडक नाही. ओरडणं नाही. तो कान लावून उभा... वाट बघत...

उजाडल्यावर मीच त्याला धरून खाली आणला. त्यानंतर त्यानं कधी झेंडा हातात घेतला नाही. "ताईला काय सांगू?" एवढंच विचारायचा, पोराच्या आईबद्दल.

ट्रॅक आदल्या संध्याकाळी मी स्वतः धुऊन घेतला होता. सकाळी त्यावर टायरचा काळा पट्टा होता. माथ्याच्या अलीकडून सुरू झालेला. ब्रेक मारला होता पोरानं. पट्टा सरळ टायरांच्या भिंतीपर्यंत गेलेला. भिंतीतला एकही टायर हललेला नाही; आरपार गेला होता.

आणि भिंतीपलीकडे, ओल्या गवतात, तोच पट्टा पुढे गेला होता... कुंपणापर्यंत.