उल्का, दाढ आणि एम. नागोजी

"डॉक्टर, बसमधनं उतरून आलोय... दाढ... लई..."

एवढंच बोलून तो माझ्या क्लिनिकच्या दारात गाल धरून उभा राहिला. कोल्हापूरहून बेळगावला निघालेला माणूस. निपाणी स्टँडवर गाडी थांबली, कळ सोसवेना, समोर माझी पाटी दिसली, आणि पुढचं तिकीट वाया घालवून तो उतरला.

माझ्या मदतनीस मालुबाईंनी केसपेपर भरला. महादेव पाटील, कंग्राळी, वय तीस. मी पेशंटच्या चेहऱ्याकडे फारसं बघत नाही, माझं काम दातांशी. पण खुर्चीत टेकताना त्याने बॅग मांडीवर घेतली आणि त्या बॅगेवर मला उल्काचा बिल्ला दिसला.

"उल्का वाचता?" मी भुलीचं इंजेक्शन भरता भरता विचारलं.

"व्हय... म्हणजे मी..."

"तोंड उघडा. मोठं."

उल्का ही बेंगळूरच्या एका कंपनीच्या कॉमिक्समधली नायिका. दिवसा टेलिफोन ऑफिसात कारकून, आणि कुणाची हाक ऐकू आली की आकाशातून जळत येणारी. माझे वडील निपाणी-बेंगळूर गाडीवर कंडक्टर होते. सीटवर कुणी विसरून गेलेला अंक डेपोत महिनाभर पडून राहिला, विचारायला कुणी आलं नाही, तर ते तो माझ्यासाठी घेऊन यायचे. कधी इंग्रजी, कधी कानडी. मी कानडी वाचायला शिकले ती शाळेत नाही, उल्काच्या तोंडून. त्यामुळे आदल्या संध्याकाळी तिच्या टीव्हीवरच्या मालिकेचा शेवटचा एपिसोड बघून माझं डोकं जे तापलं होतं, ते अजून उतरलं नव्हतं.

"बघितला कालचा?" मी दाढ पोखरायला सुरुवात केली. "आठ भागांचा सीझन, त्यातले सात नुसती तयारी. कशाची? पुढच्या सीझनची! आणि उल्काला उडायला शिकवणारे ते मास्तर परत जिवंत. तिसऱ्यांदा! पहिल्यांदा मेले तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते हो. आता ते मेले की मी भाजी चिरायला उठते."

"आँ."

"बरोबर ना? आणि कॉमिक्समध्ये सध्या चार उल्का आहेत. चार विश्वांतल्या चार. मला एकच पुरत होती! बस चुकली म्हणून उडणारी आणि तरीही उशिरा पोचून साहेबाची बोलणी खाणारी. तेव्हा ती एका अंकात एका म्हातारीचा भाजीचा गाडा वाचवायची, आणि मी पुढचं पान उलटायला घाबरायची. आता महिन्याला एक विश्व वाचवते, आणि मला जांभई येते."

"आँ... आँ."

"आणि ते रंग! काळा, निळसर काळा, शेवाळी काळा. पानावर बॅटरी मारली तरी कळत नाही, मारतंय कोण आणि मार खातंय कोण. नाव छापलेलं असतं त्या रंगाऱ्याचं, एम. नागोजी. हा एम. नागोजी मला एकदा भेटू दे, त्याला मी..."

"आँऽऽ!"

"दुखलं?"

त्याने मान हलवली. मी आणखी थोडी भूल दिली.

निघताना मी त्याला सांगितलं, रूट कॅनल आहे, अजून दोन-तीनदा यावं लागेल. बेळगावात कुणालाही दाखवा, मी चिठ्ठी देते. त्याने चिठ्ठी नीट घडी करून खिशात ठेवली. गाल सुजलेला, ओठ एका बाजूला लोंबलेला... तरी जाताना हसला. अर्धंच. मला ते अर्धं हसू संध्याकाळपर्यंत आठवत राहिलं आणि त्याचाही मला रागच आला.

पुढच्या शनिवारी तो दारात हजर.

"बेळगावात डॉक्टर नाहीत?" मी विचारलं.

"हायत की. आमच्या रस्त्यालाच दोन हायत. पण ते गप काम करत्यात."

मालुबाईंनी कापसाचा डबा जरा जोरातच आपटला. मी उगाच हातमोजे ताणत बसले.

"त्या खुर्चीत मला बोलाय येत न्हाय," तो म्हणाला, "म्हणून लिहून आणलंय." आणि त्याने खिशातून कागद काढला. अक्षर सुरेख होतं. 'मास्तरांचं तुमचं बरोबर. मेलेल्या माणसाचा मान राखावा. चार उल्कांपैकी तिसरीला राहू द्या, ती पायात साध्या चपला घालते, तेवढी एकच पळताना खरी वाटते. आता रंगांबद्दल...' पुढे कोरं.

"रंगांबद्दल काय?"

"त्याचा विचार करायलोय अजून."

"विचार कसला त्यात! वाईट आहेत."

"व्हय," तो हळूच म्हणाला आणि त्याने आपणहून तोंड उघडलं.

त्या दिवशी काम झाल्यावर आम्ही क्लिनिकखालच्या टपरीवर चहा प्यायलो. गरम नको म्हणून मी त्याला चहा बशीत ओतून थांबायला लावलं. तो थांबला. बशीतून वाफ जाईपर्यंत माझ्याकडे बघत थांबला, आणि मला एकदम कळेना की माझे हात ठेवायचे कुठे. मी मालिकेला शिव्या घालायला सुरुवात केली. तेच एक मला बरं जमतं.

"तुम्हाला इतका वैताग येतो," तो म्हणाला, "तर बघता कशाला?"

"आपल्या माणसाचा वैताग आला म्हणून कुणी घर सोडतं का?"

तो बशीवर फुंकर घालत राहिला आणि चहा गार करून प्यायला.

तिसऱ्या शनिवारी मी त्याची दाढ भरली, घासली, कॅपसाठी माप घेतलं आणि वर तात्पुरती कॅप बसवली. तोवर सगळं ठीक होतं. मग तो उठून बसला. जबडा बधिर, घाम आलेला.

"डॉक्टर... एंव नागोजी... वी."

"काय?"

"एंव. नागोजी. वी!"

"भूल उतरू दे, मग बोला."

त्याने मान हलवली, मालुबाईंच्या हातातलं पेन घेतलं आणि केसपेपरच्या मागे लिहिलं, 'एम. नागोजी म्हणजे मी. महादेव नागोजी पाटील. नागोजी माझे वडील.'

माझे कान तापले. तीन आठवडे! तीन आठवडे मी या माणसाच्या तोंडात हात घालून त्यालाच...

"सांगायचं नाही होय?"

त्याने लिहिलं, 'पहिल्या दिवशी तुमच्या हातात ड्रिल होती.'

मालुबाई फिस्सकन हसल्या. मीही हसले असते, तर गोष्ट तिथेच गोड झाली असती. पण मला लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी चिडते.

"मग आता सांगा. का इतका अंधार?"

तो भरभर लिहीत गेला. 'मी उजेड भरून पाठवतो. वरून परत येतं. मालिकेसारखं गंभीर करा म्हणतात. मग मी करतो.'

"का करता? नाही म्हणा की!"

'नोकरी आहे.'

"म्हणजे आम्ही इथे बसून तिच्यासाठी जीव टाकायचा आणि तुम्ही तिथे बसून एकेक दिवा विझवायचा. तुम्हाला ती आवडतच नसणार. आवडली असती तर हात झाला नसता तुमचा."

त्याने पेन खाली ठेवलं. अगदी हळू... आवाज न करता. बॅग घेतली, मालुबाईंना नमस्कार केला, मला नाही, आणि जिना उतरून गेला.

पुढचा शनिवार आला, तो आला नाही. त्याच्या पुढचाही तसाच गेला. त्याची कॅप तयार होऊन ड्रॉवरमध्ये पडली होती. मी दर अर्ध्या तासाने ड्रॉवर उघडत होते आणि दर वेळी मालुबाई बघत होत्या. मला उल्काचा वैताग आला, निपाणीचा आला, शनिवारचा आला. सगळ्यात जास्त माझ्या जिभेचा आला.

"फोन करा की," शेवटी मालुबाई म्हणाल्या. "त्या दाढंसाठी म्हणून करा. मी काय बोलणार न्हाय."

मी केला. "तात्पुरती कॅप फुटेल," मी म्हणाले. नमस्कार नाही, काही नाही.

"यायला जमंना झालंय डॉक्टर. एक काम हाय. ते संपल्याबिगर न्हाय." दूर कुठेतरी कोंबडा आरवत होता. "आणि... मला आवडतीय ती. तेवढं सांगायचं राहिलंतं."

त्याने फोन ठेवला. ती म्हणजे उल्का, हे मला समजत होतं. तरी मी तो बंद फोन कानाला धरून का उभी होते?

त्या रविवारी मी बेळगाव गाठलं आणि सिटी बस धरून कंग्राळीला उतरले. पेशंटची कॅप पर्समध्ये घालून पन्नासपेक्षा जास्त मैल... नाही, मैल तेवढे नसतील, मला तेवढे वाटले. घर विचारत गेले. अंगणात एक म्हातारे गृहस्थ मक्याची कणसं उलथत होते. "महादेव? वर हाय. दिवसभर त्या टीव्हीपुढं," ते म्हणाले. हेच ते नागोजी. ज्यांच्या नावाने मी इतकी बोटं मोडली होती, ते इतक्या मायेने "या बाई, वर या" म्हणाले, की मला जिन्यात तोंड लपवावंसं वाटलं.

वरच्या खोलीत भाताची पोती, पोत्यांना टेकवलेली छत्री आणि दोन मोठे स्क्रीन. महादेव मला बघून उठला आणि खुर्ची पडली.

"तुम्ही?"

"कॅप आणलीय," मी म्हणाले, आणि त्याच क्षणी मला आठवलं, ती बसवायचं सिमेंट मी आणलंच नव्हतं.

तो बाजूला झाला. स्क्रीनवर तीनशेव्या अंकाचं शेवटचं पान होतं. कंपनीने उल्काला मारायचं ठरवलं होतं, जाहिरात सगळीकडे झाली होती. मला वाटलं, काळंकुट्ट असेल. पण पानावर सकाळ झाली होती. बाजार उघडत होता. मिरच्यांच्या ढिगावर ऊन पडलं होतं, एका दुकानाचं पिवळं शटर अर्धं वर गेलं होतं, आणि त्या सगळ्यामध्ये ती पडली होती, पाय अवघडून, केस चेहऱ्यावर. सगळ्यांना दिसत होती. एक बाई भाजीचा गाडा तसाच सोडून तिच्याकडे धावत होती.

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. असं आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

"पाठवलं?" मी विचारलं.

"गुरुवारी. परत आलं. अंधार करा म्हणाले. मी म्हटलं, न्हाय करत. उल्काचं पुस्तक दुसऱ्याला दिलं त्यांनी. माझं नाव काढलं." तो हसायचा प्रयत्न करत होता. "बेळगावचे एक जण शाळेच्या पुस्तकांची चित्रं करून मागायलेत. बघायचं."

"माझ्यामुळे झालं हे."

"न्हाय. तिच्यामुळं." तो थांबला. "थोडं तुमच्यामुळं."

खालून हाक आली. त्याची आई, गुणाबाई, चुलीपाशी भाकरी थापत होत्या. मला बसायला पाट दिला, पाणी दिलं, आणि हात न थांबवता विचारलं, "कुणाच्यातल्या तुम्ही?"

महादेव काही बोलणार, तेवढ्यात मीच म्हणाले. मला माझं कुणी दुसऱ्याने सांगितलेलं आवडत नाही. "आमचे आजोबा आण्णाप्पा निपाणीला तंबाखूच्या वखारीत हमाल होते. आजी सोनुबाई विड्या वळायची. आम्ही बौद्ध."

तव्यावरची भाकरी फुगली. गुणाबाईंनी ती उलटली, शेकली, टोपलीत टाकली.

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या. "त्यानं सांगिटलंय. दोन दिस मी बोलले न्हाय त्याच्यासंगं. अजून धड बोलत न्हाय." मग त्यांनी दोन ताटं घेतली, थोडं थांबल्या आणि तिसरं ताट काढून ते स्वतःपुढे, माझ्या शेजारी मांडलं. "पर माणूस दारात आलं की जेवल्याबिगर जायाचं न्हाय. बसा."

आम्ही जेवलो. वांग्याची भाजी तिखटजाळ होती, माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते भाजीचंच आहे असं सगळ्यांनी समजून घेतलं.

महादेव मला बसथांब्यावर सोडायला आला. उन्हं कलली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात पिवळा पडला होता. आम्ही दोघं थांब्यावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून उभे होतो.

आणि मला एकदम उमगलं.

"थांबा. आईंना तुम्ही काय सांगितलंय? दोन दिवस त्या बोलल्या नाहीत, म्हणजे काय सांगितलंय?"

त्याने बुटाने माती उकरली. "सांगिटलं की... एक डॉक्टर हाय निपाणीला. लई भांडती. आणि ती भांडली न्हाय तर मला करमत न्हाय."

"आणि?"

"आणि, ती हो म्हणाली तर... लगीन तिच्याशीच."

"हे आईंना सांगितलंत! आणि वडिलांना?"

"त्यांना पण."

"म्हणजे अख्ख्या कंग्राळीला ठाऊक, आणि मला कधी सांगणार होतात? पुढच्या सीझनला?"

"भ्याव वाटलं."

"कसलं? आता कुठे हातात ड्रिल आहे?"

"तुम्ही न्हाय म्हटला असता तर?" तो खाली बघत म्हणाला. त्या आवाजात थट्टा नव्हती. पुस्तक गेलं, नाव गेलं, घरात आई रुसलेली, आणि हा माणूस घाबरला होता तो माझ्या एका 'न्हाय'ला.

मधली ती एका माणसाची जागा मी ओलांडली. त्याच्या बाहीला रंगाचा नाही, पिठाचा डाग लागला होता. मी तो झटकला, आणि हात तिथेच राहू दिला.

"महादेव," मी म्हणाले, "तू लई वैतागवाणा माणूस आहेस. आणि मला तुझ्याशिवाय आता कुणाचाच वैताग येत नाही."

त्याने वर बघितलं. या वेळी हसू अर्धं नव्हतं.

"'तू' म्हणालीस मला," तो म्हणाला.

कंग्राळीच्या वळणावरून बस आली, थांब्याजवळ येऊन हळू झाली. ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलं. आम्ही दोघांनीही हात केला नाही.