मौनीबाबा अखेर बोलला

मी खुर्ची ओढून बसले आणि टेबलाखालून "आई गं!" असा आवाज आला. माझा पाय कुणाच्या तरी बोटांवर पडला होता. वाकून पाहिलं, तर एक चष्मेवाला तरुण माझ्या फोनची वायर काढत होता.

"अहो, तो माझा फोन आहे!"

"होता," तो म्हणाला. बस्स, एवढंच!

वॉशिंग मशीनच्या तक्रारी मी इतकी वर्षं फोनवर ऐकत होते. आता म्हणे सगळं मेसेजवर, आणि तेही तयार उत्तरांतून निवडून! हे शिकवायला आलेला हा प्रशिक्षक दिवसभरात चार वाक्यं बोलेल तर शपथ. मी त्याचं नाव मौनीबाबा ठेवलं. महिनाअखेरीला परीक्षा होती आणि नापास होणाऱ्याची नोकरी जाणार होती. घरात कमावती मी एकटी. आईला यातलं काही सांगायची माझी हिंमत झाली नव्हती.

"तयार उत्तर सोडून केवढं लिहिता हो," माझ्या मागे उभा राहून तो म्हणायचा. "ग्राहकाला एवढंच हवंय... दुरुस्त कधी होईल?"

"आणि तुम्ही किती कमी बोलता! बोलायला पैसे पडतात का?"

तो हसायचा... कान लालबुंद व्हायचे त्याचे. मग मी मुद्दाम चुका करायला लागले, तो मागे येऊन उभा राहावा म्हणून. वेडीच झाले होते मी!

परीक्षेच्या दिवशी तो गुण द्यायला शेजारी बसला. पहिल्याच ग्राहकाचा मेसेज आला, "दार उघडत नाही. लवकर सांगा."

तयार उत्तर समोरच होतं. मशीन बंद करून थोडा वेळ थांबा. पण माझं बोट अडलं. कपड्यांसाठी कोण एवढी घाई करतं? मी विचारलं, "आत काय आहे?"

"मांजर. पाणी भरतंय."

मी पर्समधून मोबाईल काढला.

"फोन करायला बंदी आहे," तो कुजबुजला. "नोकरी जाईल."

"जाऊ दे!" मी मेसेजवरचा नंबर लावला.

पलीकडे एक आजी रडत होत्या. "आजी, आधी प्लग काढा. काढलात? आता खाली छोटं झाकण आहे, त्यामागची पट्टी ओढा... जोरात!" खट्कन आवाज आला, मग एक संतापलेलं म्याऊ. आजी हसल्या आणि मी रडले.

आमच्या साहेबांनी खोलीच्या काचेतून सगळं पाहिलं होतं. मला बोलावणं यायच्या आत मौनीबाबा उठून त्यांच्या खोलीत गेला. बाहेर आला तेव्हा घामाघूम झाला होता.

"नोकरी राहिली," तो म्हणाला. "एक फोनही परत बसवतोय. मेसेज कुठे पुरतो आणि बोलायचं कुठे, हे आता तुम्ही सगळ्यांना शिकवायचं."

"तुम्ही बोललात तरी काय?"

"म्हटलं, तयार उत्तरं मी लिहिली, पण विचार तिने केला." त्याने चष्मा काढून पुसला. "ते म्हणाले, फारच बाजू घेताय तिची. मी म्हटलं, हो... मला ती फार आवडते."

"अगं बाई! मला सांगायच्या आधी साहेबांना?"

"तिथे सोपं गेलं. तुमच्यापुढे घशाला कोरड पडते."

"मग आता मला सांगा. नीट."

तो बोलला – अडखळत, वाक्यं अर्धवट सोडत, मध्येच भलतंच काहीतरी आणत. मला कितीतरी वेळा मध्ये तोंड घालावंसं वाटलं. पण मी गप्प बसून शेवटपर्यंत ऐकलं, आणि मग हो म्हटलं.