साडेतीन किलोचं आसन

दोन बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो. विमानाचा हा नियम सेरवानं मला फोनवर चार वेळा ऐकवला. जसं काही वजनातलं मला कळतच नाही! आमच्या तेपा गावच्या कोको खरेदी केंद्रावर चौतीस वर्षं मी काटा सांभाळला. चौसष्ट किलोच्या पोत्यात किलोभर कमी असलं तर ते मला हमालाच्या चालीवरूनच कळायचं. बाईमाणूस काट्यावर कशाला, असं पहिल्या वर्षी बरेच जण म्हणाले. पुढे त्यांनी म्हणायचं सोडलं, कारण मी ऐकायचं सोडलं होतं.

केंद्रात विजेचे काटे आले तेव्हा माझा जुना दांडीचा काटा भंगारात निघाला. तो मी घरी आणून अंगणात आंब्याखाली ठेवला. खाली लोखंडी फळी, वर दांडी, दांडीवर सरकतं वजन. वीस किलोचं प्रमाणित वजन ठेवून मी तो दर महिन्याला तपासत असे. पन्नास ग्रॅमचीसुद्धा चूक तो करत नव्हता, हे आत्ताच सांगून ठेवते.

सेरवा माझी एकुलती एक. कॅनडात सास्काटूनला नर्स आहे. बारा वर्षं मला बोलावत होती. आई होती तोवर मी गेले नाही, आणि आई गेल्यावर आठ वर्षं सबबी सांगितल्या. यंदा सबबी संपल्या. व्हिसा आला, डॉक्टरनं तपासून माझं वजन सदुसष्ट किलो लिहिलं, तिकीट आलं आणि मागोमाग सेरवाची यादी आली. कसावाची रवाळ गारी आण, शितोची काळी तिखट चटणी आण, शोकाचं काळं-लाल वस्त्र एकच आण, मातीचं वाटणाचं भांडं अजिबात नको, इथे मिक्सर आहे.

मी मातीचं भांडं सगळ्यात आधी भरलं.

"फुटलं म्हणजे मावशी?" मान्सा म्हणाली. ती माझी भाडेकरू, पुढच्या खोलीत शिवणकाम करते. जानेवारीच्या कोरड्या वाऱ्यात डोक्याला फडकं गुंडाळून ती माझी आवराआवर बघत बसली होती.

"फुटलं तर खापरात वाटीन. मिक्सरातल्या मिरचीला कधी चव आलीय?"

"बरं बाई. विमानातले लोक तुम्हालाच मिक्सरात घालतील."

असं हसतखेळत तीन दिवस चाललं. एकेक वस्तू काट्यावर जायची, वजन मी वहीत मांडायचे. शिलाई यंत्र मान्साला दिलं. वडिलांचं घड्याळ घेतलं. झाकणाची दोन पातेली बॅगेत गेली, बाहेर आली, पुन्हा गेली. शेवटी आईचं आसन तेवढं उरलं.

एकाच लाकडातून कोरलेलं, पोटरीइतकं उंच, बसायची जागा दोन्ही टोकांना वर वळलेली. वडिलांनी तिला लग्नात दिलेलं. आमच्यात आसनावरून उठलं की ते आडवं करून भिंतीला टेकवतात. रिकामं आसन उभं राहिलं तर त्यावर कोणीही येऊन बसतं, आणि कोण बसलंय ते दिसत नाही. लहानपणी मी विसरले की आई पाठीत धपाटा घालायची. आईच्या आसनावर मुलांनी बसायचं नाही, हा दुसरा नियम. तो मोडायची मात्र माझीही छाती झाली नव्हती.

आई गेल्यापासून ते तिच्या खोलीत आडवं होतं. शेवटच्या महिन्यात ती रोज एकच बोलायची. "फ्रेमा, मला अजेकुमच्या हवाली करून जाऊ नकोस. तो या खोलीत सिमेंट भरील. मी काय पोत्यांखाली बसू?" अजेकुम मामा तिचा धाकटा भाऊ, आमच्या कुळाचा प्रमुख; आमच्यात कूळ आईकडून चालतं. त्याचं बाजारात सिमेंटचं दुकान आहे. मी आईला म्हटलं होतं, तुला सोडून मी कुठेही जाणार नाही. मी सहसा कोणाला शब्द देत नाही, त्यामुळे दिलेले सगळे मला आठवतात.

"आई, एका स्टुलासाठी तू बॅगेतली जागा अडवणार?" सेरवा फोनवर म्हणाली.

"स्टूल तुझ्या दवाखान्यात असतं. हे आजीचं आसन आहे."

"इथे विमानतळावर लाकूड दिसलं की हजार प्रश्न विचारतात."

"मी हजार उत्तरं देईन. फोन ठेव, मला काम आहे."

आसन उचलून अंगणात आणलं आणि काट्यावर आडवं ठेवलं. साडेतीन किलो. वहीत लिहिलं. वळणांत धूळ साचली होती म्हणून तिथेच फळीवर उभं केलं आणि फडकं आणायला आत वळले. मागे खटकन आवाज झाला. दांडी वर जाऊन आदळली होती.

पोतं अचानक जड निघालं की दांडी तशी आदळते. मी सरकतं वजन पुढे नेलं. दहावर दांडी हलली नाही, तीसवर हलली नाही. पन्नासच्या पुढे गेल्यावर ती खाली येऊ लागली. साडेचोपन्न.

मी आसन उतरवलं. हाताला ते हलकंच लागलं. फळीखाली दगड अडकलाय का पाहिलं, सांधे पुसले, वीस किलोचं वजन ठेवलं. वीस. आसन आडवं ठेवलं. साडेतीन. उभं केलं. साडेचोपन्न.

कोरड्या हवेत लाकूड आकसतं. हलकं होतं, जड होत नाही.

"मान्सा, इकडे ये," मी हाक मारली. "आकडा वाच."

तिनं वाचला. मग आसनाकडे पाहिलं आणि डोक्याचं फडकं सोडून पुन्हा बांधलं. "मावशी, काटा जुना झालाय."

"काट्याबद्दल बोलायचं नाही."

"मग कशाबद्दल बोलू?"

मला दांडीकडे पाहायचं नव्हतं, पण चौतीस वर्षांची सवय. पोतं काट्यावर ठेवलं की दांडी दोन हेलकावे घेते आणि थांबते. माणूस उभं राहिलं की ती पुरती कधीच थांबत नाही. श्वासाबरोबर बारीकशी वरखाली होत राहते. ही दांडी तशी होत होती. सावकाश, मध्येच अडखळत. म्हाताऱ्या माणसाच्या श्वासासारखी.

आईचं दवाखान्याचं कार्ड माझ्या पासपोर्टच्या पाकिटात होतं. शेवटची नोंद मरणाच्या नऊ दिवस आधीची. वजन, एकावन्न किलो. त्यात आसनाचे साडेतीन मिळवा.

मला भीती वाटली, हे कबूल करते. पण त्याहून जास्त राग आला. आठ वर्षं ही बाई घरात आहे आणि मला एका शब्दानं सांगत नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळी अजेकुम मामा आला. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, हातात काठी, खांद्यावर वस्त्र, मागे खोली मोजायला आणलेला गवंडी. गवंड्याला त्यानं फाटकाबाहेरच थांबवलं, एवढी लाज होती.

"आसन बॅगेत घालतेस म्हणे," तो म्हणाला. "आसन कुळाचं आहे. ते या घराचा उंबरठा ओलांडणार नाही."

"आई तुमच्या सिमेंटखाली बसणार नाही, मामा."

"तुझी आई पोकुआ बसलीय आपल्या पूर्वजांत. तू तुझ्या बॅगा भर."

मी आसन आणून फळीवर उभं केलं आणि त्याला आकडा वाचायला सांगितला. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दांडी श्वास घेत होती. मामा एक पाऊल मागे सरला, पण तोंड काही बंद पडेना.

"बघ! तिला जायचं नाहीये. म्हणून तिनं अंग जड केलंय."

"उलट आहे. तिला मागे राहायचं नाहीये."

"तुला काय माहीत?"

"मला तिनं सांगितलंय. तुम्ही कधी विचारलंत?"

"आसन मी आत्ता ताब्यात घेणार." तो काठी टेकत पुढे झाला.

मग मी जे केलं ते ठरवून केलं नाही. आसन फळीवरून उचललं, जमिनीवर उभं ठेवलं आणि त्यावर बसले.

मामा ओरडला. मान्सानं तोंडावर हात घेतला.

बुडाखाली लाकूड नव्हतं.

धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड होतं. कापडाखाली दोन मांड्या होत्या, कृश, उबदार. डावा गुडघा थोडा बाहेर वळलेला. तो गुडघा मला ओळखीचा होता. सहा-सात वर्षांची असताना वेणी घालून घ्यायला मी याच मांडीवर बसायची आणि याच गुडघ्याचं हाड मला टोचायचं.

मानेवर ऊब आली.

मी हलले नाही. "चल," मी म्हटलं. मोठ्यानं नाही.

मग खाली लाकूड लागलं. थंड, टणक लाकूड.

मी उठले. उठताना गुडघे करकरले आणि मांडीवर हात रेटून उभं राहावं लागलं. आसन काट्यावर उभं ठेवलं. साडेतीन किलो. दांडीनं दोन हेलकावे घेतले आणि ती थांबली.

मामानं खाली वाकून पुन्हा पुन्हा आकडा वाचला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला. "शांत झाली," तो म्हणाला. "समजलं ना आता? तिला इथेच राहायचं होतं."

"मामा, तुम्हाला आसनच हवंय ना?"

"आसनच."

"बाकी काही नको?"

"बाकी तुझ्या पातेल्यांचं मी काय करू?"

"मान्सा, ऐकलंस ना?" मी आसन उचलून त्याच्या हातात दिलं. "घ्या. उंबरठ्याच्या आत ठेवा."

तो गेल्यावर मान्सा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "एवढं भांडून दिलंत? मावशी, मला वाटलं होतं तुम्ही त्याची काठी मोडाल."

मी बॅगा बंद केल्या. दोन्ही बावीस किलो आठशे. मी स्वतः मात्र काट्यावर चढले नाही. गवंडी अजून फाटकाशी उभा होता आणि मला कोणाला काही दाखवायचं नव्हतं. टॅक्सीवाल्यानं निघताना दोनदा उतरून मागचं चाक तपासलं, एवढंच.

सास्काटूनला सेरवाच्या न्हाणीघरात काचेचा काटा आहे. पोचल्यावर पहिल्याच सकाळी मी त्यावर उभी राहिले. एकशे अठरा. शेवटचा बारीक आकडा एका जागी ठरत नव्हता. मी उतरले नाही. "आलीस ना?" मी म्हटलं. "आता थंडीची कुरकुर करायची नाही."

सेरवाला वाटलं, काटा बिघडला. ती चढली तेव्हा तो बरोबर होता, तरी तिनं नवा आणला. नव्यावरही मी एकशे अठरा.

पंधरा दिवसांनी मामाचा फोन आला. खोलीत सिमेंट भरून झालं होतं, पण त्याला झोप येत नव्हती. तो रोज माझ्या अंगणात जाऊन आसन तोलत होता. "आडवं साडेतीन, उभं साडेतीन," तो म्हणाला. "यात कोणी नाही. फ्रेमा, खरं सांग, तिला कुठे नेलंस?"

"मी दोन बॅगा नेल्या मामा. दोन्हींचं वजन वहीत लिहिलंय, मान्साला विचारा."

"ती आमची आहे!"

"तुम्ही आसन मागितलंत. मी दिलं."

त्यानंतर त्याचा फोन आला नाही. वाईट वाटतं का? नाही वाटत. चौतीस वर्षं मी ज्याचं त्याला मोजून दिलं, याही वेळी दिलं.

सेरवाच्या स्वयंपाकघरात चार खुर्च्या आहेत. संध्याकाळी जेवणं झाली की मी तीन आडव्या करून भिंतीला टेकवते. सेरवा हसते. "आई, इथे कोण येतंय बसायला?" चौथी मी खिडकीपाशी उभी ठेवते आणि न्हाणीघरात जाऊन काट्यावर चढते. सदुसष्ट. सकाळी बाहेर पडायचं असलं की कोट, टोपी, हातमोजे घालून आधी त्या खुर्चीत जाऊन बसते, मग उठते. आईला घरात एकटं सोडायचं नाही, असं आमचं ठरलंय.

काल सेरवा पहाटेच कामावर गेली; त्यानंतर मी चहा घेतला तेव्हा चौथी खुर्ची खिडकीपाशी उभीच होती. माझी बस चुकत होती आणि घाईत मी खुर्चीत न बसताच दारापर्यंत गेले. कडीला हात लावल्यावर लक्षात आलं, तशी वळले.

चौथी खुर्ची आडवी होती. भिंतीला नीट टेकवून ठेवलेली. आणि माझ्या मानेवर ऊब होती.