अमरावतीची चटई, जपानची तलवार

“तलवार कुठं ठेवू, वो बाई?”

मागून आवाज आला तेव्हा मी तालमीच्या हौदात गुडघाभर पाण्यात उभी होते. लुगडं वर खोचलेलं, केस विस्कटलेले आणि पायांखाली शिंदीच्या पंधरा चटया. अशा वेळी तलवारीचं नाव ऐकून दुसरी कोणी दचकली असती. पण खुशालराव वस्तादांची लेक असल्या गोष्टींनी दचकत नाही. मी वळून पाहिलं. खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी, मुंडाशावर वाटेची धूळ, आणि हसू... ते मात्र आत्ताच धुऊन आणल्यासारखं स्वच्छ!

“ओट्यावर ठेवा. अन् जोडे काहाडा, तालीम हाय.”

“काहाडतो. पन तुमी चटयाईवर काहून नाचून राह्यल्या?”

“नाचत नाई जी, भिजवून राह्यले. तुमच्यासारख्या अकोलेवाल्याईसाठीच.”

तो अकोल्याचा हे ओळखायला फार अक्कल लागत नव्हती. ती तलवार अकोल्याहूनच यायची होती.

त्या वर्षी अमेरिकेतल्या लढाईमुळे आमच्या कापसाला असा काही भाव आला होता की मुंबईचे दलाल अमरावतीत मुक्काम ठोकून बसले होते. त्यांतल्या एकाने जहाजावरून आलेली तलवार माझ्या बाबांना भेट दिली. जपान म्हणून कुठलासा मुलूख आहे, तिथली. मूठ दोन हातांची आणि पातं इतकं लखलखीत की त्यात बघून कुंकू लावावं. त्या मुलखात म्हणे ओली चटई गुंडाळून खुंटीवर उभी रोवतात आणि एका वारात तिरपी कापतात. बाबांना तेवढंच पुरे झालं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अमरावती आणि अकोल्याच्या तालमींचा सामना, जो जिंकेल त्याच्या तालमीत तलवार राहणार, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. साहेबाच्या कचेरीत तीन हेलपाटे घातल्यावर परवानगी मिळाली, तीही एकाच तलवारीची. म्हणून सगळ्यांनी तीच वापरायची, आणि सरावाला ती दहा दिवस अकोल्यात, दहा दिवस अमरावतीत.

अकोल्याचे वस्ताद नत्थुजी यांचा तलवारीवर भरवसा होता, चटयांवर नव्हता. बांधणार अमरावतीवाले आणि कापणार आम्ही, हे कसं चालेल? तेव्हा बाबांनी भर बैठकीत शब्द दिला — प्रत्येक गुंडाळीला तीन बंद, सगळ्या सारख्या घट्ट. एका गुंडाळीला जरी बंद कमी निघाला, तर तलवार सामन्याविना अकोल्याची. चटया मी बांधणार होते. म्हणजे बाबांनी तो शब्द माझ्या हातांच्या जिवावर दिला होता.

“मी शेषराव,” पाहुणा म्हणाला. “नत्थुजीनं चटया पाहाले पाठोलं.” त्याने एक बांधलेली गुंडाळी उचलली. “हे ढिली वाटून राह्यली.”

“पिळून पाहा.”

त्याने दोन्ही हातांनी पीळ दिला. मग गुडघ्यात धरून दिला. कान लाल झाले, पण चटई हलली नाही.

“बापा! तुमी खाता काय, वो?”

“ज्वारीची भाकर. अकोल्यात काय ताकावरच राह्यतात?”

तो असा मोकळा हसला की मला पाण्यातून बाहेर यायचंच सुचेना. आणि हौदातलं पाणी चांगलं थंड होतं हो!

चटया पाहून झाल्या, पण तो परत गेला नाही. सामन्यापर्यंत तालमीतच उतरला. सकाळी आमच्या भगवंतदादासोबत सराव करायचा आणि दुपारी माझ्यासाठी विहिरीवरून घागरी ओढायचा. नको म्हटलं तरी ऐकेना. आई ओसरीवरून बघायची आणि आत निघून जायची. सहाव्या वर्षी माझं लग्न झालं होतं आणि नवव्या वर्षी नवरा पटकीने गेला. त्याची लाल टोपी तेवढी मला आठवते. आमच्या कुणब्यांत विधवेचा पाट लागतो, तिला दुसरं लग्न करता येतं. त्यामुळे दोन जण येऊनही गेले होते. एकाला दात नव्हते, दुसऱ्याला निंदणीला फुकटची बाई हवी होती. दोघांनाही मी पाण्यावरच वाटेला लावलं होतं.

चटई बांधायची म्हणजे गुडघा रोवून गुंडाळायची आणि अंबाडीच्या दोरीने आवळायची. गाठ पडेपर्यंत दोरी सरकू नये म्हणून कोणीतरी तिच्यावर बोट दाबून धरावं लागतं. ते बोट आता शेषरावचं असायचं.

“बोट काहाडा.”

“सरकन ना गाठ.”

“गाठ झाली जी कवाचीच!”

“मंग तुमचा हात अजून इथंच काहून हाय?”

मी हात असा ओढला की जणू विस्तवावर पडला होता. ओल्या शिंदीचा वास, त्याच्या मनगटावरचं पाणी, आणि दोघांच्या मध्ये एवढीशी दोरी... त्या दुपारी बांधलेल्या गाठी सुटता सुटणार नव्हत्या, हे मी पैजेवर सांगते.

सरावात मी त्याला सोडत नसे. “मुसळ नाई थे, तलवार हाय. ओढून कापा,” असं मी ओसरीवरून सांगायचे. वार बरोबर बसला की ‘सप्’ असा एकच आवाज येतो. तो आवाज आला की शेषराव तलवार खाली करायच्या आधी माझ्याकडे बघायचा. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

आणि अष्टमीच्या सकाळी पाहते तर हा घोड्यावर खोगीर चढवतोय!

“तिवस्याले जाऊन येतो, मामाकडं. दसऱ्याले वापस.”

“सामना तोंडावर हाय अन् तिवस्याले? काहून?”

“काम हाय. सामन्याहून मोठं.”

एवढं बोलून, वर हसून, गेलासुद्धा. दोन दिवस माझ्या डोक्याचं भजं झालं. मामाकडे असं काय मोठं काम असतं? मामाला मुलगी असते, दुसरं काय! शेवटच्या बारा चटया मी त्याच रागात बांधल्या. बोट धरायला कोणी नव्हतं. दसऱ्याला संध्याकाळी तो परतला, तेव्हा मी त्याच्याकडे पाठ करून ज्वारी पाखडत बसले.

दुसऱ्या दिवशी परकोटाबाहेरच्या मैदानात अर्धी अमरावती लोटली होती. चुन्याने आखलेलं रिंगण, बाभळीच्या खुंट्या, त्यांवर माझ्या चटया. बायका लिंबाच्या सावलीत होत्या आणि मी रिंगणाच्या कडेला, कारण चटया हातात देणं माझं काम. प्रत्येकाला पाच चटया, वरचा तुकडा एका वारात खाली पडलाच पाहिजे, आणि बरोबरी झाली तर जिंकणार पाहुणे. एकेक गडी बाद होत गेला. कोणाची तलवार अडकली, कोणी खुंटीच कापली. भगवंतदादाने मात्र पाचच्या पाच चटया कापल्या आणि अमरावतीने असा गलका केला की झाडावरचे पोपट उडून गेले.

राहिला शेषराव. पहिली गेली, दुसरी गेली, तिसरी, चौथी... सप्, सप्! मी रुसले होते तरी माझी मूठ आपोआप आवळली जात होती. गड्यांनी पाचवी चटई खुंटीवर रोवली. त्याने दोन्ही हातांनी तलवार उचलली.

आणि मी पाहिलं. त्या चटईला दोनच बंद होते.

मधला बंद मी बांधलाच नव्हता. रागाच्या भरात विसरले होते. अशी पोकळ चटई वाराखाली वाकते, कापली जात नाही. दोरी चटईच्याच रंगाची, लांबून कोणाला दिसणार नव्हती. मी गप्प बसले असते तर दादा जिंकला असता, तलवार आमच्याकडे राहिली असती आणि बाबांचा शब्दही शाबूत दिसला असता. फक्त मला पुन्हा त्या माणसाच्या डोळ्यांत बघता आलं नसतं.

“थांबा!” मी ओरडले. “त्या चटईले दोनच बंद हायेत. माही चूक हाय.”

मग बायका कुजबुजल्या आणि दादाने कपाळावर हात मारला. बाबा उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता, पण मी मान खाली घातली नाही.

नत्थुजी पुढे आले, चटई फिरवून पाहिली. “खुशालराव, बोलणं आठवते ना? तलवार अकोल्याची.”

“आठवते,” बाबा म्हणाले. “घेऊन जा.”

“मी नाई नेत,” शेषराव म्हणाला.

“काय म्हन्तं, लेका?”

“वस्ताद, चटई न कापता तलवार नेली तं अकोल्यात तोंड काय दाखवू? तिनं सांगतलं म्हनून समजलं ना आपल्याले! तुमी चटया पाहाले मले पाठोलं होतं, मलेई दिसलं नाई.” मग तो माझ्याकडे वळला. “दुसरी बांधा. आत्ता, इथं. जोर लावून बांधा, बरं.”

मी भिजलेली चटई घेतली. हजार डोळ्यांसमोर गुडघा रोवला, गुंडाळली, दोरी आवळली. आणि तलवार बाजूला ठेवून तो समोर बसला. गाठीवर बोट ठेवलं.

“लोक पाहून राह्यले,” मी पुटपुटले.

“पाहू दे. गाठ सरकाले नोको.”

तीन बंद बांधले. आयुष्यात इतकी घट्ट चटई मी बांधली नव्हती. तो उठला, तलवार उचलली, श्वास घेतला आणि वार केला.

सप् झालं... पण पुरतं नाही. वरचा तुकडा खाली पडला नाही, दोन बोटं न कापलेल्या चटईवर लोंबकळत राहिला. नियम तो नियम! भगवंतदादा जिंकला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, आणि जिंकलेल्या दादाची बहीण असून माझे डोळे भरून आले.

गर्दी पांगल्यावर मी तुकडे गोळा करत होते. शेषराव येऊन शेजारी बसला आणि तोही गोळा करू लागला. हरलेल्या माणसाने इतकं खुशीत दिसावं?

“तुमची नजर कुठं होती वार करताना?” मी विचारलं.

“जिथं असते तिथंच.”

“मंग हरालच.”

“हरलो थे बेस झालं. जिंकलो असतो तं लोक म्हनाले असते, तलवारीसंगं वस्तादाची पोरगीबी जिंकून नेली. मले तुले जिंकाचं नाई, इचाराचं हाय. पन आदी एक सांगतो. माहं लगन झालं. अष्टमीले, तिवस्याले.”

हातातले तुकडे खाली पडले. मामाची मुलगी! तरी मी ताठ आवाजात विचारलं, “कोनासंगं?”

“रुईसंगं. मामाच्या वावराच्या धुऱ्यावर हाय. भल्ली गोरी पानं हायेत तिचे.”

मी आधी त्याच्याकडे बघत राहिले. मग समजलं आणि कानापर्यंत लाल झाले. आमच्यात रीतच आहे — बिनलग्नाच्या गड्याला विधवेशी पाट लावायचा असला तर त्याने आधी रुईच्या झाडाशी लग्न लावायचं. हळद, अक्षता, सगळं रीतसर. म्हणजे सामन्याच्या तोंडावर, सराव सोडून, हा माणूस चौदा कोस घोडा पिटाळत गेला होता, तो एका झाडाला हळद लावायला. माझ्यासाठी!

“मले न इचारता?”

“तुले इचारलं असतं अन् तू हो म्हनली असती, तं मंग तिवस्याले जायापुरताबी दम धरवला नसता.”

“अन् मी नाई म्हनली तं?”

“तं हाय माही रुई.” हसला, पण या वेळी हसू जरा डगमगलं. “नाई म्हनतं का, वच्छला?”

पहिल्यांदाच त्याने मला नावाने हाक मारली होती. मला हा माणूस हवा होता. आणि हवा असलेला माणूस समोर बसून विचारत असताना लाजून पदराशी चाळा करणं मला जमणारं नव्हतं.

“बाबा!” मी मैदानभर ऐकू जाईल अशी हाक दिली. बाबा आणि नत्थुजी लिंबाखाली पानसुपारी खात होते, दोघांनी माना वळवल्या. “ह्या अकोलेवाल्यानं तिवस्याच्या रुईसंगं लगन लावलं म्हन्ते! तिले सवत पाह्यजे. मी हो म्हनून राह्यले!”

बाबांनी आळीपाळीने माझ्याकडे, त्याच्याकडे आणि मांडीवरच्या जपानी तलवारीकडे पाहिलं. मग त्यांनी नत्थुजींना विचारलं, “तलवार माह्याकडं राह्यली अन् पोरगी चालली तुमच्या गावाले. वस्ताद, सामना जिंकला कोन?”

“इचारता काय, खुशालराव?” नत्थुजी मिशीवर हात फिरवत उठले. “अकोला!”