मंदाताईंची सपाट रेघ

खुर्चीत बसल्या बसल्या मंदाताईंना काळजी लागली ती केसांची. मेंदूतल्या लहरी टिपणारी शिरोजाळी नीट चिकटावी म्हणून डॉक्टर मुजावरांनी केसांच्या मुळाशी गार, चिकट लेप भरला होता, आणि कालच मंदाताईंनी डोक्यावरून न्हाणं केलं होतं.

"हे निघते नं कोमट पाण्यानं?" त्यांनी मराठीत विचारलं.

"निघतं की. पण आता मराठी बंद, मंदाताई. डोक्यात जर्मनच राहू दे," मुजावर म्हणाले. ते मूळ मिरजेचे. उत्तर जर्मनीतल्या या बंदरगावच्या भाषा-परीक्षण प्रयोगशाळेत दुसऱ्या क्रमांकाचे शास्त्रज्ञ होते. पहिला क्रमांक डॉक्टर ब्रांट यांचा. उंच, सडसडीत बाई. त्या काचेपलीकडे पडद्यासमोर उभ्या होत्या.

पूर्वी इथे राहायचं तर चार प्रश्नांची उत्तरं जर्मनमध्ये दिली की काम भागे. मग कर्णदुभाष्या आला. डाळीएवढं यंत्र, कातडीखाली बसवलं की दिसतही नाही. समोरच्याचं जर्मन कानात मराठी होऊन यायचं आणि काय उत्तर द्यायचं तेही कानातच सांगितलं जायचं. अक्षर न शिकलेली माणसं घडाघडा बोलू लागली. तेव्हा सरकारने तोंडाची परीक्षा बंद करून मेंदूची सुरू केली. नापास झालेल्याने तीस दिवसांत देश सोडायचा.

मंदाताई मूळच्या साकोलीकडच्या. शाळा चौथीत सुटली ती सुटलीच, आणि वाचायला त्या पुन्हा शिकल्या तिशी उलटल्यावर. इथे वृद्धाश्रमात सेवेला आल्या तेव्हा बेचाळीस वर्षांच्या होत्या. बरोबरच्या बाया म्हणायच्या, "कानात यंत्र असतानी जीभ काऊन झिजवतेस वं?" मंदाताई हसायच्या आणि वही उघडून बसायच्या. कारण होतं आश्रमातले लोरेन्झ आजोबा.

आजोबा पूर्वी बंदरावर क्रेन चालवत. चार वर्षांपूर्वी मेंदूत रक्त साकळलं, आणि शब्दांची पेटी उलथीपालथी झाली. खिडकीला ते 'रविवार' म्हणत, पावाला 'किल्ली'. कर्णदुभाष्या असल्या वाक्यांपुढे गप्प बसे. मंदाताईंनी यंत्र काढून टाकलं आणि भाषेलाच हात घातला. चुकलेला शब्द ओळखायचा तर बरोबरचा ठाऊक पाहिजे, इतकं त्यांना कळलं होतं. आता आश्रमात आजोबांचं बोलणं समजणाऱ्या त्या एकट्याच होत्या. त्या गेल्या तर आजोबांनी पाणी मागितलं तरी कोणाला कळणार नव्हतं. आज हट्टाने तेही सोबत आले होते आणि बाहेर चाकांच्या खुर्चीत बसले होते.

यंत्र सुरू झालं. एका बाईचा आवाज वाक्यं म्हणू लागला. 'बेकरने आज ताजे मोजे भाजले.' 'सकाळी मी दूध घालून जिना प्यायले.' मग एकामागून एक तसलीच. वीस मिनिटांनी आवाज थांबला.

डॉक्टर ब्रांट आत आल्या. चेहरा उतरलेला. "सपाट," त्या मुजावरांना जर्मनमध्ये म्हणाल्या. "ही बाई जर्मन जाणत नाही."

"मी ऐकते आहे, डॉक्टर," मंदाताई जर्मनमध्येच म्हणाल्या.

"बोलता येणं हा पुरावा नाही. यंत्रही बोलतं."

"पण सपाट म्हणजे काय?"

मुजावरांनी स्टूल ओढलं. "भाषा अंगात मुरली की मेंदू ऐकत बसत नाही, पुढचा शब्द आधीच मांडून ठेवतो. 'ताजे' ऐकलं की 'पाव' तयार. तिथे 'मोजे' आले की मेंदू चपापतो. शब्द सुरू झाल्यापासून चारशे सहस्रांश सेकंदांनी एक लहर उठते. तिला आम्ही नवल-लहर म्हणतो. दुभाष्याकडून ऐकणाऱ्याची लहर उशिरा येते. भाषा न कळणाऱ्याला नवलच वाटत नाही, त्याची रेघ सपाट."

"पहिल्या दोन वाक्यांना लहर होती," ते ब्रांटना म्हणाले.

"दोन म्हणजे योगायोग. नियमाला दहा लागतात." ब्रांट कागदावर सही करायला वाकल्या.

रडायचं नाही असं ठरवून मंदाताई उठू लागल्या, आणि जाता जाता राहवलं नाही म्हणून म्हणाल्या, "माझं जे व्हायचं ते होईल. पण त्या बिचाऱ्या बाईकडे कोणी बघतं का? मेंदूत डावीकडे झटका आलेला दिसतो. कॉफीला जिना म्हणते. घसा सुकलाय तिचा, आणि तुम्ही तिच्याकडून वाक्यं वदवून घेता!"

मग मुजावर मोठ्याने हसले.

"मंदाताई, ती बाई धडधाकट आहे! चुकीची वाक्यं आम्हीच लिहून दिली होती!"

"अगं बाई! मला वाटलं पेशंट."

मुजावरांचं हसू थांबलं. ते ब्रांटकडे वळले. "दोन वाक्यांत हिने ओळखलं की बोलणारीचे शब्द बिघडलेत. मग मेंदूने बरोबर शब्दाची वाट पाहणंच सोडलं. नवल कशाचं वाटणार?"

"तर्क चांगला आहे," ब्रांट म्हणाल्या, "पण सपाट रेघ दोन्हीकडे सपाटच. कळत नसलं तरी, जास्त कळत असलं तरी. फरक दाखवा."

"बाहेर बसलेल्या गृहस्थांना आत घेऊ. जाळी राहू दे डोक्यावर."

आजोबा आत आले. इकडेतिकडे पाहून म्हणाले, "रविवार उघडा, फार टोपी होतेय."

मंदाताईंनी मुजावरांना खिडकी उघडायला सांगितली. पडद्यावर रेघ सपाट.

"सवय," ब्रांट म्हणाल्या. "हावभावावरून कुत्र्यालाही कळतं."

आजोबा बोलतच राहिले. किल्ल्या, छत्र्या, बोटी. रेघ हलेना. ब्रांटनी पेन उचललं. त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं, पण नियम तो नियम. "तीस दिवस," त्या हळू म्हणाल्या.

आजोबांनी त्या पेनाकडे पाहिलं, मग मंदाताईंकडे. ओठ दोनदा हलले. मग आवाज न चढवता, हात न हलवता ते म्हणाले,

"ही इथेच राहील."

तीन शब्द. तिन्ही बरोबर. चार वर्षांत पहिल्यांदाच.

पडद्यावर रेघ उसळली, पार वरच्या कडेला टेकली.

"दचकल्या असतील," ब्रांट म्हणाल्या, पण पेन खाली आलं होतं.

"दचकण्याची लहर शंभर सहस्रांशांत येते. ही बघा, चारशे दोन." मुजावरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हा माणूस चुकणार अशी हिच्या मेंदूची तयारी होती, आणि तो बरोबर बोलला. ज्याला भाषा येत नाही त्याला दोन्ही सारखेच. बरोबर वाक्याचं नवल कोणाला वाटेल, सांगा!"

ब्रांटनी नियमावलीचं पान उघडलं. "नियमात लिहिलंय, अनपेक्षित शब्द," त्या सावकाश म्हणाल्या. "चुकीचा शब्द असं कुठेच लिहिलेलं नाही." त्यांनी आधीचा कागद फाडला. "चुकणाऱ्या रुग्णांच्या वाक्यांत मधूनच सरळ वाक्यं मिसळून नवी यादी करू. दहा लहरी मोजू. मला वाटतं, पंधरा मिळतील."

सतरा मिळाल्या.

दुपारी बाहेर पडताना मंदाताईंच्या केसांना लेप तसाच होता. बंदरावरून वारा येत होता. पुन्हा तेच नीट बोलता येतंय का म्हणून आजोबांनी घसा खाकरला, प्रयत्न केला आणि म्हणाले, "आता छत्रीत जाऊन गरम बोट खाऊ."

"हो आजोबा," मंदाताई खुर्ची ढकलत म्हणाल्या, "घरी जाऊन गरम सूप घेऊ. पण आधी मला न्हाऊ द्या."